जाळीची दुमड

किडेबाईच्या नाकावर राग असतो असं लोक म्हणायचे, ते अर्धंच खरं होतं. तिचा राग कोपरांत होता, गमबुटांत होता, दार लावायच्या पद्धतीत होता. जलखात्याच्या कचेरीत ती शिरली की शिपाई खुर्चीतून उठायचा, आणि ते मान म्हणून नव्हे. मागच्या खेपेला त्याने तिच्या पांढऱ्या ट्रेमध्ये भजी ठेवली होती. त्यावरून तिने त्याचे जे वाभाडे काढले, ते समोरच्या इमारतीतल्या लोकांनी खिडक्या उघडून ऐकले.

तिचं काम सांगितलं की लोक आधी हसतात, म्हणून ते नीट सांगायला हवं. ती नदीतले किडे मोजायची. नदी चांगली की वाईट हे बाटलीत पाणी भरूनही कळतं, पण बाटलीला फक्त त्या क्षणाचं कळतं. कारखान्याने काल रात्री घाण सोडली आणि आज सकाळी बाटली भरली, तर बाटली बिचारी म्हणणार, सगळं ठीक आहे. तळाच्या दगडांखाली राहणाऱ्या अळ्यांना मात्र पळून जाता येत नाही. कालचं, परवाचं, गेल्या महिन्याचं सगळं त्यांच्या अंगावरून गेलेलं असतं. तेव्हा नदीची खरी विचारपूस करायची तर तळाशी कोण कोण नांदतंय ते बघायचं. गमबूट घालून प्रवाहात उभं राहायचं, जाळी प्रवाहाच्या खालच्या अंगाला धरायची आणि पायाने तळाचे दगड उकरायचे. दगडांना चिकटलेलं सुटून जाळीत येतं, ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं आणि भिंग घेऊन बसायचं.

काही अळ्या नाजूक असतात, जरा पाणी बिघडलं की जातात. दोन शेपट्यांची एक चपटी अळी सगळ्यांत नाजूक. तिला किडेबाई दोनशेपटी म्हणायची. काही निगरगट्ट असतात, गटारातही सुखाने राहतात. लाल रंगाच्या, दोऱ्यासारख्या अळ्या त्यांतल्या. नाजूक प्रकार सापडला की नदीला भरपूर गुण, निगरगट्ट सापडला की जेमतेम. सगळ्यांची बेरीज करून शेरा लिहायचा: उत्तम, बरं, वाईट. गुण प्रकाराला, संख्येला नाही. दोनशेपट्या शंभर मिळाल्या तरी तेवढेच आणि एक मिळाली तरी तेवढेच. "एक आहे म्हणजे आहे," हे किडेबाईचं आवडतं वाक्य. नवीन आलेल्या प्रत्येकाला ती हे बजावायची, आणि कोणी शंका काढली तर त्याच्याकडे असं बघायची की पुढची शंका त्याच्या घशातच राहायची.

या वाक्यावर तिचा फार जीव होता. वरच्या डोंगरातल्या पट्ट्यात दगडाची खाण निघणार होती, ती तिने याच गुणांवर भांडून बंद पाडली होती. खाणवाल्यांनी आणलेला तज्ज्ञ म्हणाला, "एवढ्याशा किड्यासाठी?" किडेबाई म्हणाली, "तो एवढासा आहे. तुमची अक्कल त्याहून किती बारीक, ते मोजायची जाळी माझ्याकडे नाही." तेव्हापासून वरचा पट्टा शाबूत होता आणि किडेबाईची मान ताठ.

आता जाळीकडे येऊ, कारण सगळं रामायण जाळीवरून घडलं.

जाळी म्हणजे लोखंडी कडं, त्याला दांडा आणि खाली बारीक कापडाची पिशवी. कडं दगडांवर घासतं आणि कापड तिथेच फाटतं. दर हंगामाला फाटायचं. भांडारातला माणूस म्हणायचा, "पुढच्या वर्षी बघू." किडेबाई त्याच्याशी भांडून घरी यायची आणि घरी येऊन पुन्हा तेच भांडण नवऱ्याला करून दाखवायची. नवरा गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायचा. दुकान घराच्या पुढच्याच खोलीत, त्यामुळे त्याला ते भांडण टाळायला जागा नव्हती. तो तिला फौजदार म्हणायचा. एकदा तिची बडबड चालू असताना त्याने काही न बोलता फाटकी जाळी ओढून घेतली, सीटच्या कव्हराला लावतात ती जाड किंतानाची पट्टी कापली, कड्याभोवती दुहेरी दुमडली आणि मशीनवर दोन्ही बाजूंनी शिलाई मारली.

"घ्या फौजदार. आता नदी फाटेल, जाळी फाटायची नाही."

आणि खरंच फाटली नाही. पुढचे कित्येक हंगाम फाटली नाही. किडेबाईने कचेरीतल्या सगळ्या जाळ्या एकेक करून घरी आणल्या आणि त्याच्याकडून तशीच दुमड घालून घेतली. कौतुक करायची तिला सवय नव्हती. पण नवीन आलेल्यांना जाळी दाखवताना ती त्या पट्टीवरून अंगठा फिरवायची आणि म्हणायची, "ही आमच्या यांची शिलाई." नवऱ्याला कोणीतरी हे सांगितलं होतं. तो त्या दिवशी दुकानात उगाचच शीळ घालत बसला.

नदीच्या खालच्या पट्ट्यावर कापड रंगवण्याचा कारखाना होता. त्याचं पाणी तीन टाक्यांमधून फिरून नदीत यायचं आणि तिसरी टाकी सगळ्यांत महत्त्वाची, कारण तिच्यात पाण्यात हवा घुसळली जायची. तरी कारखान्याच्या खाली नदीचा शेरा वर्षानुवर्षं वाईट. मग तो हळूहळू सुधारायला लागला. एका हंगामात किडेबाईच्या ट्रेमध्ये, लाल अळ्यांच्या वळवळीत, एक दोनशेपटी दिसली. अर्धमेली, पण होती. किडेबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, ही गोष्ट खात्याच्या जीपच्या ड्रायव्हरकाकांनी नंतर सगळ्यांना सांगितली आणि कोणीही विश्वास ठेवला नाही. पुढच्या हंगामातही एक. मग वाळूच्या कणांचं घर करून राहणारी एक. शेरा वाईटवरून बरं झाला आणि तिथेच राहिला.

कचेरीत पेढे वाटायचेच काय ते राहिले. साहेबांना वरून शाबासकी आली. कारखान्याने कॅलेंडर छापलं, त्यावर खालच्या पट्ट्याचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत: नदी परत आली. पाणी फोटोत निळं होतं. कारखान्यात त्या दिवशी निळ्या रंगाचं काम असेल.

आणि मग कारखान्याने अर्ज केला. नदी सुधारली आहे, जलखात्याचेच गुण तसं सांगतात, तेव्हा तिसरी टाकी बंद करायची परवानगी द्यावी. निर्णयासाठी सभा ठरली. मांडणी करायची किडेबाईने.

तिला त्यात वावगं वाटलं नाही असं नाही. टाकी बंद करायला तिचा विरोधच होता आणि ती तो मांडणार होती. पण आकड्यांवर तिचा विश्वास पक्का होता. नदी सुधारली, ती आणखी सुधारू द्या, असं काहीतरी ती बोलणार होती.

सभेच्या आठवडाभर आधी ती नणंदेकडे गेली. नणंद धाकटी, खालच्या पट्ट्यावरच राहायची, लोकांचे कपडे धुऊन द्यायची. अंगणात हातपंप, त्याखाली दगड आणि दगडावर सदैव कोणाच्या तरी चादरी. किडेबाई आत आली तेव्हा नणंद धूत होती. तिने वर बघितलं नाही.

"वहिनी, कॅलेंडर आलंय आमच्याकडे. फुकट वाटलं."

"मग लाव की."

"लावलं. संडासात." नणंदेने हात पुढे केले. मनगटांपर्यंत लाल, मध्येमध्ये सालपटं निघालेली. "हे बघ. पंपात नदीचंच पाणी झिरपतं, त्याला वास येतो. दोन वर्षांत वाढलाय, कमी नाही झाला. आणि तुझे किडे म्हणतात पाणी सुधारलं. मग मला सांग, तुझे किडे खोटं बोलतात की माझे हात?"

किडेबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नदीचं पाणी वेगळं आणि पंपाचं वेगळं, साबणाने हात असे होतात, मोजमाप कसं करतात ते तुला काय ठाऊक, असं बरंच काही ती बोलली. तोंडाचा पट्टा सुटला की तिला थांबवणं कोणाच्या बापालाही शक्य नव्हतं.

नणंद ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मीच खोटी."

"मी तसं म्हटलं नाही!"

"तसंच म्हटलंस." आणि तिने चादर दगडावर अशी आपटली की किडेबाईच्या तोंडावर शिंतोडे उडाले.

किडेबाई रागाने लाल होऊन घरी आली. आपल्याला खोटं ठरवणारा अजून जन्माला यायचाय, हे सिद्ध केल्याशिवाय तिला जेवण जाणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. घरी शिलाईला आलेली एक जाळी भिंतीला टांगलेली होती, कोरडी ठणठणीत. ती उचलून ती सरळ खालच्या पट्ट्यावर गेली. नणंदेला बोलावून पाण्यातली दोनशेपटी भिंगाखाली दाखवायची आणि मग विचारायचं, बोल आता.

ती प्रवाहात उभी राहिली, दगड उकरले, ट्रे भरला. लाल अळ्या. जागा बदलली. लाल अळ्या. पलीकडच्या काठाला गेली, कमरेएवढ्या पाण्यात उतरली, गमबुटांत पाणी शिरलं. लाल अळ्या आणि काळा, तेलकट गाळ. दुपारपर्यंत ती उकरत होती. एकही दोनशेपटी नाही. नणंद अंगणातून बघत होती, पण काही बोलली नाही, आणि त्याचाच किडेबाईला जास्त राग आला.

काल रात्री काहीतरी सोडलं असणार, ती स्वतःशी म्हणाली. सभेच्या तोंडावर नदी मारली भडव्यांनी. ही शिवी तिने मोठ्याने दिली.

त्याच्या पुढच्या दिवशी खात्याची ठरलेली फेरी होती. या फेरीचा क्रम कधी बदलायचा नाही. जीप सकाळी डोंगरात वर चढायची आणि नदीबरोबर थांबत थांबत खाली यायची. शेवटचा थांबा खालचा पट्टा, कारण ड्रायव्हरकाकांचं घर तिथून जवळ. वरच्या पट्ट्यात ट्रे नुसता गजबजलेला. दोनशेपट्या, तीनशेपट्या, वाळूघरवाल्या, सगळा खटला. प्रत्येक थांब्यावर काका जाळी उलटी करून पाण्यात खळबळून घ्यायचे आणि झटकायचे. संध्याकाळच्या सुमाराला ते खालच्या पट्ट्यावर पोचले. किडेबाईने दगड उकरले, ट्रे भरला आणि भिंग लावलं.

दोनशेपटी होती. एक.

काल दुपारपर्यंत उकरून जी मिळाली नाही, ती आज पहिल्या ट्रेमध्ये. रात्रीतून डोंगरावरून चालत आली? किडेबाईने भिंग पुसून पुन्हा बघितलं. शंका आली की ती आधी ओरडायची.

"काका, जाळी धुता की नुसतं नाटक करता? वरची अळी इथे आलीय!"

ड्रायव्हरकाकांना आजवर तिच्याकडून बरंच काही ऐकून घ्यायची सवय होती, पण हे त्यांना लागलं. "बाई, तुमच्यासमोर धुतो. रोज. आत्ता पुन्हा धुतो, बघा." त्यांनी जाळी उलटी केली, खळबळली, झटकली, पुन्हा खळबळली. पिशवीत काही म्हणजे काही नव्हतं. त्यांनी ती तिच्या हातात जवळजवळ फेकलीच आणि जीपकडे निघून गेले.

किडेबाईने बादलीत खालच्या पट्ट्याचं पाणी भरलं, धुतलेली जाळी तिच्यात बुडवली आणि काठावर बसली. ती बराच वेळ बसली. काका जीपमध्ये पाठ फिरवून बसले होते. अंधार पडायच्या आधी, कड्याला लावलेल्या किंतानाच्या पट्टीच्या टोकातून, जिथे दुमड दांड्यापाशी उघडी राहते तिथून, काहीतरी बाहेर आलं. आधी दोन मिशा, मग चपटं डोकं, शेवटी दोन शेपट्या. अळी पाण्यात आली आणि तडफडायला लागली.

तेव्हा किडेबाईला सगळं कळलं, आणि ते इतकं साधं होतं की तिला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. दोनशेपटीचा स्वभावच असा: उजेड नको, प्रवाह नको, कुठेतरी फट शोधायची आणि घट्ट चिकटून बसायचं. हे ती सगळ्यांना शिकवायची. नवऱ्याने तिला नदीतल्या कुठल्याही दगडापेक्षा उत्तम फट शिवून दिली होती. वर जाळीत आलेल्यांतल्या एकदोन दुमडीत शिरायच्या आणि कितीही खळबळलं तरी तिथेच बसायच्या, कारण वरचं, मधलं पाणी त्यांना मानवायचं. कारखान्याच्या खाली जाळी बुडली की त्यांचा जीव गुदमरायचा आणि तेव्हा त्या बाहेर पडायच्या. सरळ तिच्या ट्रेमध्ये. पाणी जितकं घाण, तितक्या त्या लवकर बाहेर, आणि तितका शेरा चांगला. नदी मरत चालली होती म्हणून तिला जास्त गुण मिळत होते.

एक आहे म्हणजे आहे. पण एकच कशी असते, तिचे भाऊबंद कुठे आहेत, हे वर्षानुवर्षं तिने विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं. अर्धमेल्या अळीवर ती रडली होती, आणि ती अळी तिनेच डोंगरावरून आणून मारली होती.

ती जीपपाशी गेली. "काका, चुकलं माझं."

काकांनी चमकून तिच्याकडे बघितलं. हे शब्द त्यांनी तिच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. "बरं वाटत नाही का बाई?" त्यांनी विचारलं.

घरी आली ती वादळासारखी. नवरा मशीनवर होता. तिने जाळी त्याच्या पुढ्यात आपटली.

"ही तुमची शिलाई! या शिलाईने नदी बुडवली!"

त्याने मशीन थांबवलं, सगळं ऐकून घेतलं. त्याचा चेहरा उतरत गेला. "फाटू नये म्हणून शिवली. फाटली नाही. यात माझं काय चुकलं?"

"दुहेरी कशाला दुमडलीत?"

"टिकावी म्हणून! तू रोज घरी येऊन डोकं पिकवायचीस, जाळी फाटली, जाळी फाटली. तुझ्यासाठी शिवली. पगारी नाही शिवली." त्याचा आवाज चढला. तो फार क्वचित चढायचा. "आणि तू तेव्हा बघितलीस ना? अंगठा फिरवून फिरवून सगळ्यांना दाखवलीस. मी सीट शिवतो, मला किड्यांचं काय कळतं? तुला कळतं. तू का नाही म्हणालीस?"

किडेबाई मशीनशेजारच्या स्टुलावर बसली. तिला नवऱ्याचा राग आला होता, त्याच्या बरोबर असण्याचा जास्त आला होता, आणि स्वतःचा इतका आला होता की तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. नवऱ्याने ड्रॉवरमधून शिलाई उसवायची सुरी काढली. टेबलावर जुन्या वर्तमानपत्राचा कागद पसरला आणि टाके उसवायला लागला. किंतानाची पट्टी सुटली, तशी त्याने ती कागदावर झटकली. ओला, तपकिरी, बारीक चुरा पडला. पाय, शेपट्या, सालं, वाळूचे कण. किडेबाईने भिंग लावलं. त्यात सगळे नाजूक होते. निगरगट्ट एकही नव्हता.

"एवढंच?" नवरा म्हणाला. ते सगळं चिमटीत मावलं असतं.

"एवढ्यावर कॅलेंडर छापलं," ती म्हणाली.

सकाळी ती साहेबांकडे गेली. साहेब वाईट माणूस नव्हते, म्हणजे त्यांना वाईट व्हायचाही कंटाळा होता. त्यांनी तिचं बोलणं पूर्ण ऐकलं, उठून दार लावलं आणि मग आवाज खाली आणला.

"बाई, हे आपल्या दोघांत राहू दे. पुढच्या हंगामात जाळ्या बदला. शेरा आपोआप खाली येईल."

"तोवर टाकी बंद होईल."

"होईल तर होईल. नंतर उघडायला लावू." साहेबांनी कपाळ चोळलं. "तुम्ही हे सभेत बोललात तर काय होईल कळतंय? ते म्हणतील, यांची सगळीच मोजणी खोटी. खाणवाले पुन्हा उभे राहतील. वरच्या पट्ट्यासाठी तुम्ही केलं ते सगळं पाण्यात जाईल. मी तुमच्याच भल्याचं सांगतोय."

हे शेवटचं वाक्य कचेरीत ज्या ज्या वेळी बोललं जातं, त्या त्या वेळी कोणाचं तरी भलं नक्की बुडतं. पण बाकीचं खरं होतं, आणि तेच किडेबाईला झोंबलं. वरचा पट्टा हा तिचा आयुष्यभराचा एकच विजय. वरच्या थांब्यावर जाळी नेहमी कोरडी असायची, दुमडीत जिवंत काही उरलेलं नसायचं, त्यामुळे तिथली मोजणी चोख होती, हे तिला माहीत होतं. ऐकणाऱ्यांना ते पटेलच असं नव्हतं. एका बाजूला तिची सगळी उमर, दुसऱ्या बाजूला नणंदेचे हात.

"मिठाची गुळणी धरून बसायला मला जमत नाही, साहेब," ती म्हणाली, "तुम्हाला जमतं, तुम्ही बसा." दार तिने असं लावलं की कॅलेंडर भिंतीवरून खाली आलं.

सभा मोठ्या खोलीत होती. कारखान्याचा व्यवस्थापक पुढच्या रांगेत, त्याच्या शेजारी साहेब, मागे खालच्या पट्ट्यावरचे लोक. त्यांत नणंदही होती, हात पदराखाली झाकून. किडेबाई उभी राहिली. ती कागद बघून बोलली नाही. जाळी कशी असते, दुमड कशी घातली, अळी कुठे बसली, हे तिने सरळ सांगितलं. मग पांढरा ट्रे उघडला, कागदाच्या पुडीतली वाळलेली भुकटी त्यात ओतली आणि तो व्यवस्थापकाच्या पुढ्यात नेऊन ठेवला.

"ही घ्या तुमची परत आलेली नदी. माझ्या जाळीच्या दुमडीत होती. खालच्या पट्ट्यात एकही नाजूक जीव नाही. शेरा वाईट. आधी होता तसाच, आणि मला विचाराल तर आधीपेक्षा वाईट."

खोलीत कुजबुज झाली. व्यवस्थापक हसला. "म्हणजे बाई, तुमचं मोजमाप चुकतं. मग आम्हाला आधी वाईट म्हणत होता, तेही चुकीचंच असेल की. आणि डोंगरातल्या खाणीचं?"

"आधीच्या जाळ्यांना दुमड नव्हती. आणि वर जाळी कोरडी असते!" किडेबाईचा आवाज खिडक्यांना भिडला. "माझी चूक मी इथे सगळ्यांसमोर उलटी करून दाखवली. तुम्ही तुमची तिसरी टाकी उलटी करून दाखवता का? दाखवा की! तिच्या तळाशी काय सापडतं ते मीच मोजते!"

मागून कोणीतरी टाळी वाजवली आणि लगेच थांबवली. साहेब मूग गिळून बसले होते. सभेचा निकाल व्हायला फार वेळ लागला नाही. मोजणीत दोष आढळल्यामुळे टाकी बंद करायला तूर्त परवानगी नाही. नदीची फेरमोजणी बाहेरच्या माणसांकडून, नव्या जाळ्यांनी, वरपासून खालपर्यंत. आणि जिच्या हातून दोष घडला तिने त्या मोजणीपासून लांब राहावं. किडेबाईला भांडारात बसवलं, पुढच्या वर्षी बघू म्हणणाऱ्या माणसाच्या शेजारच्या टेबलावर.

पहिल्याच दिवशी त्या माणसाने आत नव्याकोऱ्या जाळ्यांचा गठ्ठा आणून ठेवला. इतकी वर्षं नसलेल्या जाळ्या एका आठवड्यात आल्या होत्या. किडेबाईने गठ्ठ्याकडे बघितलं, त्या माणसाकडे बघितलं, आणि तो उठून बाहेर गेला तो जेवणाच्या सुट्टीनंतरच परतला.

त्या दिवशी दुपारी ती लवकर निघाली आणि नणंदेकडे गेली. नणंद दगडापाशीच होती.

"टाकी राहिली," किडेबाई म्हणाली. "मी गेले."

"ऐकलं."

"वास मात्र जाणार नाही. टाकी होती तशी राहिली एवढंच. नवीन काही झालेलं नाही. बाहेरची माणसं येतील, मोजतील, वाईट म्हणतील. मग पुन्हा सभा."

"वाईट आहे हे मला ठाऊक होतं, वहिनी."

"मला नव्हतं," किडेबाई म्हणाली. एवढं बोलायला तिला जितका जोर लागला, तितका कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायलाही लागला नव्हता. "तू खरं बोलत होतीस. मी तुला खोटं पाडलं."

नणंदेने ओल्या चादरीचं एक टोक पुढे केलं. किडेबाईने बाह्या वर केल्या, टोक धरलं आणि दोघींनी मिळून पिळायला घेतलं. ती झाली, मग दुसरी, मग आणखी एक. पंपाचं पाणी हातांवरून वाहत होतं आणि त्याला खरंच वास होता, आंबूस आणि धातूसारखा. इतकी वर्षं तिने याच पट्ट्यावर काम केलं, पण हातात लांब रबरी मोजे घालून.

संध्याकाळी घरी पोचेपर्यंत तिची मनगटं लालभडक झाली होती. नवरा दुकानात बाकीच्या जाळ्यांची दुमड उसवत बसला होता. त्याने हात बघितले, गडबडीने उठला आणि आतून मलमाची डबी घेऊन आला.

"दे इकडे हात. काय करून घेतलंस हे?"

"राहू द्या," किडेबाई म्हणाली. "लावू नका काही. उद्या सकाळी हे हात साहेबांच्या टेबलावर ठेवायचेत."